द्वारकाबाईची काळी वायर

धायरीत केबल टीव्ही आणला तो द्वारकाने. असं ती स्वतःच सांगायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. सिंहगड रस्त्याच्या त्या अंगाला तेव्हा घरांपेक्षा शेतं जास्त होती, आणि पेठांमधली माणसं नुकती कुठे गुंठा-दोन गुंठे जमीन घेऊन बंगले बांधायला लागली होती. बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली, दूरदर्शनच्या जोडीला आकाशातून नवेनवे चॅनल उतरायला लागले, आणि ते झेलायला गावातली पहिली छत्री उभी राहिली ती द्वारकाच्या गच्चीवर. नवरा बापूराव हडपसरच्या कारखान्यात पाळीला जायचा. माणूस भला, पण उंचीला भ्यायचा. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा झाला तरी शेजाऱ्याला हाक मारायचा. तेव्हा कमरेला पदर खोचून झाडांवर आणि लोकांच्या गच्च्यांवर चढायचं काम द्वारकाकडे आलं. सुरुवातीला लोक खाली उभे राहून हसले. मग क्रिकेटचे सामने लागले, आणि तेच लोक दारात येऊन विचारायला लागले, "वहिनी, आमच्याकडं वायर कधी ओढताय?"

त्या काळ्या वायरीवर तिने दोन मजली घर बांधलं, मुलाला शिकवलं, सासूचं लांबलेलं आजारपण निभावलं. गावात तिला नावाने ओळखणारे कमी, 'केबलवाल्या बाई' म्हणून ओळखणारे जास्त.

आता दिवस पालटले होते. कोरोनाची दोन वर्षं सरता सरता घरोघर फायबर आली, माणसं मालिका मोबाइलवर बघायला लागली, आणि द्वारकाचा फोन वाजला की पलीकडचा माणूस एकच गोष्ट सांगायचा, बंद करा. मुलगा माऊली धंद्यात तिच्याबरोबरच होता. त्याने एका मोठ्या केबल कंपनीशी बोलणी केली होती. उरलीसुरली कनेक्शनं त्यांना द्यायची आणि मोकळं व्हायचं.

"सोमवारी येत्यात ती मानसं," माऊली म्हणाला. "आई, तू ऐन वेळेला नगं म्हनू नगंस."

"मी कुठं नगं म्हन्ते? देऊन टाकू. पर तू त्यांच्याम्होरं असं तोंड पाडून बसू नगंस. मयताला आल्यागत दिसतंय."

धंदा हातचा चालला याचं तिला फार वाटत नव्हतं. टीव्ही आला तसा कधीतरी जाणारच, हे तिला दिसत होतं. खुपत होतं ते वेगळंच. बंगले बांधले जात असताना, भिंतींना गिलावा व्हायच्या आधी, तिने हाताने एकेका पाइपातून वायर ओवली होती. लोक आता तीच वायर उपसून भंगारात घालत होते.

त्याच आठवड्यात शरच्चंद्र सरांचा फोन आला. सर म्हणजे शहरातल्या कॉलेजात उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. द्वारकाचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक, आणि तक्रारींच्या बाबतीत पहिल्या नंबरचं.

"द्वारकाबाई, आपली केबल काढून न्या."

"का हो सर? चित्र दिसंना का?"

"गेल्या महिन्यात जे दिसत होतं त्याला आपण चित्र म्हणत असाल, तर दिसतंय. पण आमचा टीव्ही आता फायबरवर चालतो. तेव्हा भिंतीतल्या वायरीही घेऊन जा. खोल्याखोल्यांतून त्यांची टोकं शेपटासारखी लोंबतायत."

"उद्या सकाळी येते," द्वारका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती हत्यारांची पिशवी घेऊन बंगल्यावर पोचली. दार सरांच्या बायकोने, श्यामलाबाईंनी उघडलं, आणि लगेच तोंडावर बोट ठेवलं. जिन्याच्या मधल्या वळणावर एक मुलगी पायरीवर बसली होती. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, कानात इअरफोनची बोंडुकं. इंग्रजीत काहीतरी बोलत होती आणि दर दोन वाक्यांनी थांबून तेच पुन्हा सांगत होती. शेवटी तिने डोळे मिटले, लॅपटॉप बंद केला आणि भिंतीला डोकं टेकलं.

"आमची सून, सलोनी," श्यामलाबाई स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या. "केयूरची बायको. अमेरिकेहून आलीय पुढे, तो मागनं येणार."

चहा उकळेपर्यंत द्वारकाला सगळी हकिकत कळली. केयूर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बारा-तेरा वर्षं तिकडे काढून दोघांनी आता पुण्याला परतायचं ठरवलं होतं. सलोनीच्या तिकडच्या कंपनीने तिला इथून काम करायची परवानगी दिली होती, पण आधी महिनाभर करून दाखव, मग बघू, अशी. वरची मोठी खोली तिच्या कामासाठी दिली. पण फायबरवाल्याने राउटर बसवला होता खाली हॉलमध्ये, आणि वरच्या खोलीत त्याचा वायफाय धड पोचत नव्हता. जिन्यात सिग्नल वाढवायचं यंत्र लावून झालं. दोन मिनिटं बरं चालायचं, तिसऱ्या मिनिटाला समोरच्यांचे चेहरे गोठायचे. तिचा साहेब आता वैतागला होता.

"मग सरळ राउटरपासनं वर एक वायर न्यायची," द्वारका म्हणाली.

"हो ना. पण ह्यांनी भिंतीला भोक पाडू द्यायला नको का?"

"पाडू देणार नाही," हॉलमधून सरांचा आवाज आला. "हे घर आहे, चाळण नव्हे. आणि जिन्याच्या कठड्यावरून वायरींची तोरणंही नकोत. दिवाळी वर्षातून एकदा येते तेवढी बास."

"आन् पाइपातनं?"

"पाइप तुमच्याच वायरींनी भरलेत, द्वारकाबाई," श्यामलाबाई हसत म्हणाल्या. "तो फायबरवाला बघून गेला. त्यात आता सुतळीसुद्धा जाणार नाही म्हणाला."

द्वारकालाही हसू आलं, कारण ते पाइप भरायला लावले होते श्यामलाबाईंनीच. शहाण्णव साली बंगला उभा राहत होता तेव्हा त्यांनी द्वारकाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि प्रत्येक खोलीत टीव्हीची वायर टाकायला सांगितली. स्वयंपाकघरात, वरच्या दोन्ही खोल्यांत, अगदी पाहुण्यांच्या खोलीतसुद्धा. सर तेव्हा विटांच्या ढिगावर उभे राहून म्हणाले होते, "घरात माणसं तीन, टीव्ही एक. बाकीच्या वायरींवर आपण कपडे वाळत घालणार का?" श्यामलाबाई म्हणाल्या होत्या, "टीव्ही नंतर आणता येतो, वायर नंतर घालता येत नाही." त्यानंतर घरात कुणी पाहुणा आला की सर त्याला त्या वायरी दाखवायचे, 'आमच्या सौभाग्यवतींची दूरदृष्टी' म्हणून.

चहा पिऊन द्वारका हॉलमध्ये गेली आणि तिने भिंतीवरची टीव्हीच्या पॉइंटची पट्टी उघडली. वायरीचं टोक बाहेर ओढून पकड लावणार, तेवढ्यात सलोनी जिन्यावरून खाली आली.

"काकू, एक मिनिट. ही कोॲक्स आहे का?"

"ही केबलची वायर हाय."

"तीच. मधे एक तांब्याची तार, बाहेरून जाळी. ही वर जाते?"

"वर जाती, स्वैपाकघरात जाती, पावन्यांच्या खोलीत जाती. कुठं जात न्हाई ते इचार. जिन्याखाली डबा हाय, सगळ्या तिथं येत्यात."

सलोनी वर पळाली. वरून बॅगांच्या चेन उघडल्याचे आणि सामान उपसल्याचे आवाज आले. खाली आली तेव्हा तिच्या हातात साबणाच्या वडीएवढ्या दोन काळ्या डब्या होत्या.

"आम्ही तिकडे भाड्याच्या घरात वापरायचो. तिकडच्या घरांमध्ये अशाच वायरी असतात भिंतीत. ही एक डबी राउटरपाशी, दुसरी माझ्या खोलीत, आणि मधे तुमची केबल. बस. दुसऱ्या डबीतून साध्या वायरने लॅपटॉपला इंटरनेट. मी अशी काय, माझ्या लक्षातच नाही आलं! मला वाटलं, इंडियात कुणाच्या घरात अशी वायरिंग नसणार."

द्वारकाने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. तिच्या ओळखीची पिन तिला एका कडेला दिसली. पण विश्वास बसेना.

"केबलमधनं इंटरनेट मीबी दिलं व्हतं, लई वर्सांमागं," ती म्हणाली. "एक फोटू उघडायचा तर मानूस आंघोळ करून येत व्हता."

"ते वेगळं होतं, काकू. ते सगळ्या गल्लीत वाटलं जायचं. हे फक्त घरातल्या घरात. आणि लॅपटॉपला अगदी राउटरजवळ बसल्यासारखं वाटेल."

"मग बघू की. मला कुठं घाई हाय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ज्या वायरी काढायला आपण आलात, त्याच आता जोडणार?"

"व्हय. आन् भोक न्हाई पाडनार."

"मग माझी काही हरकत नाही," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. पण पान काही उलटेना.

जिन्याखालचा डबा उघडला तेव्हा आत कोळ्यांचं राज्य होतं. द्वारकाने फडक्याने ते पुसून काढलं. एका वायरीच्या चार वायरी करणारा जुना स्प्लिटर तिथे गंजून बसला होता. सलोनीने त्यावरचे आकडे मोबाइलच्या उजेडात वाचले आणि मान हलवली. डब्यांचा सिग्नल यातून जाणार नाही, म्हणाली. हा फक्त टीव्हीपुरता बनवलेला. द्वारकाने तो काढून टाकला आणि हॉलची वायर वरच्या खोलीच्या वायरीला थेट जोडली. वायरींवर नंबर नव्हते. पण तिला ते लागतही नव्हते. हॉलच्या वायरीला तिने त्या काळी लाल चिकटपट्टीचा वेढा दिला होता, वरच्या खोलीच्या वायरीला पिवळा.

डब्या लावल्या. दोन दिवे लागले. तिसरा, दोन्ही डब्यांची एकमेकींशी गाठ पडली म्हणजे लागणारा, तो काही लागेना.

सलोनीने डबी बंद करून चालू केली. पुन्हा तेच. तिचा चेहरा पडला. "वायर जुनी झाली असेल. सॉरी काकू, तुमचा वेळ उगाच..."

"गप बस," द्वारका म्हणाली. "वायर अशी म्हातारी हुत न्हाई. कुठंतरी काहीतरी झालंया."

तिने पिशवीतून मीटर काढला आणि वरच्या खोलीची वायर दोन्हीकडून सोडवली. दोन्ही टोकं मोकळी असताना मीटर गप्प राहायला हवा. तो पिपाणीसारखा वाजला. म्हणजे भिंतीत कुठेतरी आतली तार बाहेरच्या जाळीला चिकटली होती. ती वर गेली, भिंतीवरून हात फिरवत गेली, आणि एका भल्यामोठ्या सागवानी कपाटापाशी थांबली.

"हे कधी केलं?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील," श्यामलाबाई म्हणाल्या. "सुताराने भिंतीत स्क्रू मारून पक्कं बसवलंय."

"पाइपातच मारलाय त्यानं एक. वायरीच्या मधोमध. आता ही ओढून निघायची न्हाई, आन् दुसरी आत जायची न्हाई."

सगळे सरांकडे बघायला लागले. सर कपाटाकडे बघत होते.

"ते भोक माझ्या देखत पडलं असावं," ते सावकाश म्हणाले. "आता हे कपाट हलवायचं म्हणजे भिंत फोडणं आलं."

"फोडायची न्हाई," द्वारका म्हणाली. "तुमास्नी शब्द दिलाय."

सलोनी पलंगाच्या कडेला बसली. संध्याकाळी साडेसातला तिची महत्त्वाची मीटिंग होती. तिकडच्या साहेबाच्या वरचा साहेब येणार होता, आणि तिला तासभर एकटीने बोलायचं होतं. "पायरीवरूनच करते," ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता.

द्वारका खाली येऊन पुन्हा डब्यासमोर मांडी घालून बसली. धंद्यात तिने एक सवय लावून घेतली होती. काम अडलं की हत्यारं खाली ठेवायची आणि नुसतं बघत राहायचं. लाल हॉलची. पिवळी गेली कामातून. हिरवी स्वयंपाकघराची, निळी पाहुण्यांच्या खोलीची, पांढरी वरच्या मागच्या खोलीची. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायचं तर भोक आलंच. आणि या सगळ्यांच्या वर एक जाड वायर होती, तिला पट्टीच नव्हती. ती कुठे जात नव्हती, ती यायची. रस्त्यावरून गच्चीवर आणि गच्चीवरून तिच्या स्वतःच्या वेगळ्या पाइपाने थेट या डब्यात. इतकी वर्षं साऱ्या घराला चित्रं पाजली होती ती याच वायरीने. आणि खोल्या मोजताना तिला कुणीच मोजलं नव्हतं.

"सलोनी!" द्वारकाने जिन्यातून हाक मारली. "तुझं हे इंटरनेट वर चढतं का? का नुसतं खालीच उतरतंय?"

"म्हणजे?"

"वायरीतनं आमचं चित्र फकस्त वरनं खाली येत व्हतं. तुझं खालनं वर जाईल का?"

"जाईल की! दोन्हीकडून जातं ते." सलोनी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आली. "का?"

"तुझ्या खोलीला एसी हाय. त्याचा पाइप भिंतीतनं भायेर जातोय. म्हंजी भोक पडल्यालं हाय. आता राउटरपासनं या डब्यात, डब्यातनं मेन वायरीनं गच्चीवर, आन् गच्चीवरनं एक नवा तुकडा भायेरच्या भायेर खाली सोडायचा, एसीच्या भोकातनं तुझ्या खोलीत."

सलोनीने क्षणभर हातानेच हवेत तो रस्ता काढून बघितला, खाली, वर, पुन्हा खाली. मग तिने द्वारकाचे दोन्ही दंड धरले. "काकू, तुम्ही ग्रेट आहात."

"ते मला ठाव हाय. चल गच्चीवर."

द्वारकाने डब्यात लाल वायर मेन वायरीला जोडली, आणि मग सगळेच गच्चीवर गेले. श्यामलाबाई गेल्या, आणि गुडघे दुखतात म्हणून वर्षभर तिकडे न फिरकलेले सरही कठडा धरत धरत आले. द्वारकाने आधी रस्त्यावरून येणारी वायर तोडून टाकली. सलोनीला तेच हवं होतं. घरातला सिग्नल गल्लीत जाऊन उपयोग नाही, असं ती सांगतच होती. पत्र्याच्या डब्यातला जुना अॅम्प्लिफायर काढला. तो सिग्नल खालीच ढकलतो, वर येऊ देत नाही. पिशवीतल्या वेटोळ्यातून नवा तुकडा कापला, एका टोकाला दगड बांधला, आणि ती कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली.

"द्वारकाबाई, आपण खाली पडलात तर पेपरात आमचा पत्ता येईल," सर म्हणाले.

"मग पदर धरा की, वहिनी," द्वारका वाकलेलीच म्हणाली. श्यामलाबाईंनी पदर धरला. आणि सरांनी, हे कुणाला दिसू नये अशा बेताने, श्यामलाबाईंचा हात धरला.

सलोनी खाली खोलीत पळाली आणि एसीच्या भोकातून तिने तुकडा आत ओढून घेतला. डबी लावली. एक दिवा, दोन दिवे, आणि थोडं थांबून तिसरा. ती खिडकीतून ओरडली. वर गच्चीवर श्यामलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. पण जरा वेळाने तिसरा दिवा मिणमिणायला लागला, मध्येच जायचा, मध्येच यायचा. वेग तपासला तर जिन्यातल्यापेक्षा थोडासाच बरा.

या वेळी कुणी निराश झालं नाही. द्वारका गच्चीवरच्या जोडापाशी उकिडवी बसली आणि तिने मेन वायरीचं टोक सोललं. ऊन-पावसाने आतलं तांबं हिरवं पडलं होतं. तिने वीतभर कापलं, तरी हिरवं. आणखी वीतभर कापलं, तेव्हा कुठे लखलखीत तांबं दिसलं. नवी पिन चढवली, चिमट्याने दाबली, वरून पाणी शिरू नये म्हणून रबराची टोपी घातली. खाली हॉलमधली पिनही बदलली.

सलोनीने पुन्हा वेग तपासला आणि लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. आकडा सरांना लगेच कळला.

"राउटरजवळ जेवढा आहे तेवढाच," ते म्हणाले. "वाटेत काहीच सांडत नाही."

"थांबा, केयूरला लावते," सलोनी म्हणाली.

तिकडे पहाट व्हायची होती. केयूर झोपेतून उठून कॅमेऱ्यासमोर बसला, केस विस्कटलेले, दाढी वाढलेली. इतक्या दिवसांत आईवडिलांनी त्याला तुकड्यातुकड्यांनीच बघितलं होतं. कधी अर्धा चेहरा, कधी नुसता आवाज. आता तो समोर बसल्यासारखा दिसत होता. त्याने जांभई दिली तीसुद्धा सलग दिसली. श्यामलाबाई पदराने डोळे टिपायला लागल्या. सर लॅपटॉपजवळ झुकले.

"कानाजवळ पांढरे झालेत तुझे," ते म्हणाले.

"बाबा, ते दोन वर्षांपासून आहेत."

"आम्हाला आज दिसले," सर म्हणाले. "कधी येतोयस?"

हा प्रश्न त्यांनी आजवर एकदाही विचारला नव्हता, असं श्यामलाबाईंनी नंतर द्वारकाला सांगितलं. यायचं तेव्हा येईल, असं ते ज्याला त्याला सांगत असत.

साडेसातची मीटिंग होईपर्यंत द्वारका घरी गेली नाही. आपलं काम चालताना बघितल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या दारातून हलत नसे. खाली श्यामलाबाईंनी थालीपीठं लावली. वरून सलोनीचा आवाज येत होता, सलग, ठणठणीत, न अडखळता. मधेच तिचं हसणंही ऐकू आलं. ती खाली आली तेव्हा तिला फार काही सांगावं लागलं नाही.

"एकदासुद्धा कुणी 'पुन्हा सांग' म्हणालं नाही," एवढंच ती म्हणाली आणि थालीपीठावर तुटून पडली.

सरांनी घसा खाकरला. "एकूण, भिंतीत वायरी घालायचा तो निर्णय अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा."

"'बरोबर होता' असं एक सोपं वाक्य मराठीत आहे," श्यामलाबाई म्हणाल्या.

घरी जाताना द्वारकाची गाडी चालत होती, पण डोकं गाडीच्या पुढे पळत होतं. या गल्लीत डाव्या हाताला चौथा बंगला, तिथे तिचीच वायर. पलीकडच्या कॉलनीत तर ओळच्या ओळ. नऱ्ह्यापर्यंत आणि खाली सिंहगड रस्त्यापर्यंत तिच्या हातची काळी वायर भिंतीभिंतींत पडून होती. त्यातल्या किती घरांत आज कोणीतरी जिन्यात, गॅलरीत, न्हाणीघराच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसत असेल?

"माऊली," घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "कुनाची वायर काढायची न्हाई आजपासनं. बंद करा म्हनलं तर बंद कर, पर वायर ऱ्हाऊ दे."

माऊलीला वाटलं, आई शेवटच्या घडीला फिरली. "म्हंजी सोमवारी न्हाई म्हननार तू?"

"येड्या, सही करनार की."

सोमवारी कंपनीची माणसं आली. त्यातला एक कोवळा साहेब होता. त्याला वाटत होतं, म्हातारी रडेल, घासाघीस करेल. द्वारकाने त्याला कांदेपोहे दिले आणि एकच गोष्ट विचारली. "रस्त्यावरच्या वायरी आन् खांब तुमचं. घरांतल्या वायरीचं काय?"

"घरातल्या वायरिंगशी आमचा काही संबंध नाही, मावशी. ती ज्याच्या त्याच्या घराची."

"बरं," असं म्हणून तिने सही केली. बापूराव कोपऱ्यात बसून बघत होता. बायको इतक्या हसतमुखाने धंदा विकतेय, म्हणजे हिच्या मनात काहीतरी शिजतंय, हे त्याने ओळखलं. पण विचारलं नाही. इतक्या वर्षांत तेवढं तो शिकला होता.

काळ्या डब्या पुण्यात कुठल्याच दुकानात मिळेनात. पहिल्या काही सलोनीने कुरिअरने मागवून दिल्या. बाकीच्या केयूर येताना बॅगेत भरून घेऊन आला, आणि विमानतळावर त्या काय आहेत हे समजावून सांगता सांगता त्याची पुरेवाट झाली. सलोनीच्या कंपनीने तिचं महिन्याचं काम बघून परवानगी पक्की केली होती. तोवर द्वारका आणि माऊलीने पहिली काही घरं करून बघितली होती. सगळीकडे जमलं असं नाही. एका ठिकाणी उंदरांनी वायर पार कुरतडली होती, एका ठिकाणी नव्या मालकाने नूतनीकरणात ती कापून टाकली होती. जिथे जमलं तिथे मात्र लोक असे खूश झाले, जणू घराला एक खोली जास्तीची मिळाली.

माऊली सुरुवातीला नाखुशीनेच तिच्यामागे फिरत होता. मग एकदा एका घरात तिच्या आधी त्यालाच सुचलं की बाल्कनीतली वायर उलटी वापरता येईल. त्या दिवशी परतताना तो सगळी वाट बोलत होता. द्वारका मागे बसून ऐकत गेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर हडपसरहून शुभंकर नावाच्या मुलाचा फोन आला. लातूरकडचा, आयटीत कामाला, जुन्या सोसायटीत नुकताच फ्लॅट घेतलेला. द्वारका आणि माऊली गेले. तिने भिंतीतल्या सगळ्या वायरी मीटरने तपासल्या. एकही धड नव्हती. कुणीतरी हलक्या दर्जाची तार वापरून, नुसता पीळ मारून जोड दिले होते.

"न्हाई व्हनार," ती म्हणाली.

"काकू, प्लीज, ट्राय तरी करा ना. मी फार होप्सवर होतो. हवं तर थोडं कमी चाललं तरी चालेल."

"कमी चाललेलं मी लावून देत न्हाई. उद्या तुझी मीटिंग तुटली की तू माझं नाव घेशील. तू तरणा हाईस, घर तुझं सोत्ताचं हाय. सरळ भोक पाड आन् नवी वायर घाल. तुला मानूस देते चांगला, भित्ताड खराब न करता काम करतो."

तिने त्याला त्या माणसाचा नंबर दिला, त्याच्या घरचं पाणी प्यायली, आणि फी न घेताच निघाली. गाडीपाशी आल्यावर माऊली म्हणाला, "एवढ्या लांब येऊन रिकामं जायाचं?"

"रिकामं कसं? इथल्या सोसायट्यांच्या वायरी कुनी घातल्यात ते आज कळलं की न्हाई? आता हडपसरला येताना आधी फोनवरच इचारायचं."

आठवड्याभराने त्या शुभंकरनेच आपल्या ऑफिसमधल्या तिघांचे पत्ते पाठवले, दोन वानवडीचे, एक कोथरूडचा. तिघांच्याही घरात जुनी चांगली वायर होती. द्वारकाने सकाळची दोन कामं स्वतःकडे ठेवली आणि कोथरूडचं माऊलीला दिलं, एकट्याला. तो पिशवी भरत असताना ती दारात उभी राहून बघत होती. त्याने मीटर घेतला, पिना घेतल्या, चिमटा घेतला. मग गाडीला किक मारली आणि मागे न बघता निघून गेला.